सत्तावीस लाख कमावणारा गरीब : ‘मुक्तछंद’ यांच्या पोस्टला उत्तर

हिशेबनीस

काल मुक्तछंद यांनी लिहिलं की अमेरिकेतली गरिबी हे थोतांड आहे. चौघांच्या कुटुंबाची २०२५ ची दारिद्र्यरेषा वर्षाला ३२,१५० डॉलर, म्हणजे सत्तावीस लाख रुपये. गरिबाच्या घरात एसी, दाराशी गाडी, वर सरकार अन्नासाठी फूड स्टॅम्प देतं. एवढं असून जो वर येत नाही तो आळशी. खाली ‘अगदी मनातलं बोललात’ची रांग. उत्तर तिथे मावेना, म्हणून वेगळा धागा.

आधी ती रेषा कुठून आली ते. १९६३-६४ मध्ये सोशल सिक्युरिटी खात्यातल्या मॉली ओर्शान्स्की यांनी कृषी खात्याचा सर्वांत स्वस्त आहाराचा तक्ता घेतला आणि त्याला तीनने गुणलं. तीनने, कारण १९५५ च्या पाहणीत कुटुंबांचा कर भरून उरलेल्या उत्पन्नातला तिसरा हिस्सा जेवणाखाण्यावर जात होता. तेव्हापासून ती रेषा फक्त महागाईच्या हिशेबाने वर सरकते. घरभाडं, पाळणाघर आणि आरोग्यविमा मिळून आज पगार खातात, पण तो बदल त्या गुणाकारात कुठेच नाही. शिवाय रेषा कॅन्ससमधल्या विचिटाला जी, तीच मॅनहॅटनला. वेगळी आहे ती फक्त अलास्का आणि हवाईला. आणि ते सत्तावीस लाख तिथल्याच दुकानात खर्च करायचे असतात, वाईच्या मंडईत नव्हे.

आता आळस. केंद्राचं किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. आठवड्याला ४० तास, ५२ आठवडे, एकही खाडा नाही, तर होतात १५,०८०. एकट्या माणसाची २०२५ ची रेषा १५,६५०. वर्षभर राबून, पोरंबाळं नसताना, माणूस रेषेच्या खालीच.

गाडीचं म्हणाल तर बहुतेक गावांत पहाटेच्या पाळीला पोचवणारी बस नसते. गाडी नाही तर नोकरी नाही. पत खराब असलेल्याला ती ‘बाय हिअर, पे हिअर’ (जिथे घ्या तिथेच हप्ते भरा) छापाच्या दुकानातून घ्यावी लागते, व्याज वीस टक्क्यांच्या घरात. अशा बऱ्याच गाड्यांत स्टार्टर तोडणारं यंत्र बसवलेलं असतं. हप्त्याची तारीख जवळ आली की ते पीप-पीप वाजायला लागतं, तारीख उलटली की किल्ली फिरवा नाहीतर नारळ फोडा, गाडी सुरू होत नाही. गाडी बंद म्हणून खाडा, खाडा म्हणून पगार कमी, पगार कमी म्हणून हप्ता आणखी लांब. दाराशी गाडी दिसते ती ही.

आणि फूड स्टॅम्प, म्हणजे आताचं स्नॅप. कॅन्ससमध्ये ढोबळ, म्हणजे कर कापण्याआधीचं, उत्पन्न रेषेच्या १३० टक्क्यांच्या आत हवं. विचिटाची एक बाई धरा. दोन मुलं, वयं चार आणि सात. गोदामात तासाला १६ डॉलर, महिन्याची सरासरी २,७७३. तिघांच्या घराला ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ ची मर्यादा २,७९८, म्हणजे काठावर बसते. यातून कमाईची २० टक्के वजावट, मग सरसकट २०४, मग पाळणाघराचे ६००, उरले १,४१४. भाडं-वीज-गॅस मिळून १,२५० असेल तर त्यातला उरलेल्याच्या निम्म्यावरचा भाग, म्हणजे ५४३, तोही वजा. निव्वळ ८७१. त्याचे ३० टक्के २६२. तिघांना त्या वर्षी जास्तीत जास्त ७६८ मिळत, त्यातून २६२ गेले की कार्डावर महिन्याला ५०६ जमा.

आता मुकादमाने खूश होऊन तासाला पन्नास सेंट वाढवले. महिना झाला २,८६०. मर्यादेबाहेर. वर्षाला वाढले १,०४०, गेले ६,०७२. तीच बाई शेजारच्या कोलोरॅडोत असती तर मर्यादा २०० टक्के आहे, तिथे रक्कम हळूहळू उतरते. ही बाई ‘वाढ नको’ म्हणाली तर तिला कोणत्या तोंडाने आळशी म्हणणार?

मुक्तछंद

माझ्यासाठी स्वतंत्र धागा! धन्य झालो.

७.२५ चं रडगाणं थांबवा. तासावर काम करणाऱ्यांत ७.२५ किंवा त्याखाली मिळवणारे शंभरात एकाच्या आसपास आहेत. कॅलिफोर्नियात २०२५ ला १६.५० होतं. तुमची स्वतःची बाई १६ वर आहे, मग ७.२५ चा पाढा कशाला वाचलात?

आता तिच्याकडे येऊ. सरकारी दारिद्र्य मोजणीत फक्त करापूर्वीचं रोख उत्पन्न धरतात. स्नॅप धरत नाहीत, करातून परत मिळणारे पैसेही धरत नाहीत. हे तुम्हाला माहीत नसणं शक्य नाही. २०२४ च्या दराने दोन मुलांना अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईवाल्यांना करातून मिळणारी रक्कम) कमाल ६,९६०, २२,७२० च्या वर प्रत्येक डॉलरमागे २१.०६ सेंट कमी. ३३,२८० वर होतात ४,७३६. मुलांसाठीचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट, त्याच वर्षीचं, दोघांचे ४,०००. तुमचेच स्नॅपचे ६,०७२. एकूण १४,८०८. बाईकडे ३३ नाही, ४८ हजार आहेत. तुम्ही दोन हजारांचा कडा दाखवलात आणि पंधरा हजारांचं पठार झाकलंत.

हिशेबनीस

कडा सहा हजारांचा आहे, दोनचा नाही. पुन्हा वाचा.

झाकलं काहीच नाही, पण बेरीज कच्ची आहे. चाइल्ड क्रेडिटच्या ४,००० पैकी १,१३८ तिच्याच आयकरापोटी वळते होतात. ती भर कशी? पगारातून ७.६५ टक्के, म्हणजे २,५४६, आधीच कापून गेलेले. ४८,०८८ मधून हे दोन काढले की ४४,४०४. पाळणाघराचे वर्षाचे ७,२०० गेले, ३७,२०४. अजून पेट्रोल, गाडीचा विमा, दातांचा डॉक्टर बाकी आहे.

दुसरं, हे पैसे येतात केव्हा? करपरतावा एकरकमी येतो, आणि २०१५ च्या कायद्यानुसार हे क्रेडिट असलेला परतावा फेब्रुवारीच्या मध्याआधी सोडताच येत नाही. म्हणजे मार्च ते जानेवारी ती बाई पगार आणि स्नॅपवरच जगते. मध्ये गाडीचा अल्टरनेटर गेला की पगारी कर्ज, म्हणजे पुढच्या पगारावर घेतलेली उसनवारी. शंभराला पंधरा, मुदत दोन आठवडे. ऐकायला पंधरा टक्के, वार्षिक ३९१. फिटत नाही म्हणून नूतनीकरण, पुन्हा पंधरा. बँकेत उणे गेलं तर बऱ्याच बँकांत एका व्यवहाराचे ३५ डॉलर. परतावा येतो तेव्हा त्यातला मोठा हिस्सा आधीच कुणाचा तरी झालेला असतो. वर फॉर्म भरून देणारा दुकानदार आपली फी कापतो ती वेगळी.

तिसरं. स्नॅप, क्रेडिटं, घराची मदत सगळं धरून, आणि कर, पाळणाघर, दवाखाना वजा करून मोजायची दुसरी पद्धतही सरकारकडे आहे. २०२३ मध्ये जुन्या पद्धतीने ११.१ टक्के गरीब होते, या दुसऱ्या पद्धतीने १२.९. कमी नाही, जास्त.

मुक्तछंद

कारण त्या दुसऱ्या पद्धतीची रेषाच वर आहे आणि ती घरभाड्यानुसार बदलते. सोयीची मोजपट्टी निवडायची आणि वर म्हणायचं बघा लांबी वाढली.

हिशेबनीस

बरं, मोजपट्टी तीच ठेवू, वर्ष बदलू. २०२१ मध्ये चाइल्ड क्रेडिट वाढवून सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि मोठ्याला ३,००० केलं, कमाई शून्य असली तरी दिलं, आणि जुलै ते डिसेंबर त्यातलं निम्मं महिन्याच्या हप्त्याने खात्यात टाकलं. त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्के. योजना संपली. २०२२ मध्ये १२.४. २०२३ मध्ये १३.७. कोट्यवधी आईबाप एका जानेवारीत आळशी झाले काय?

मुक्तछंद

पैसे वाटले की गरिबी कमी होते हे सिद्ध करायला संशोधन लागत नाही. पैसे वाटणं परवडतं का, हा प्रश्न आहे. ५.२ चा आकडा बोलका आहे, हे मात्र देतो तुम्हाला. दिवाळी बोनस समजा.

खडूस_काका

विचिटाच्या बाईवर इतकी शाई! खरा फुकटेपणा बघायचा तर अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळांच्या पार्किंगमध्ये उभे राहा. मुलगा-सून दोघं आयटीत, घराला पाच बेडरूम, आणि आईवडील मेडिकेडवर, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यावर. थंडीचे पाच महिने कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, उरलेले सात अमेरिकेत ‘निराधार’. वर एसएसआय, म्हणजे गरीब वृद्ध-अपंगांची दरमहा रोख मदत. तिथल्या भारतीय कुटुंबाचं मध्यक, म्हणजे बरोबर मधल्या घराचं, उत्पन्न वर्षाला दीड लाख डॉलरच्या घरात आहे, तिथल्या बाकी कुठल्याही मोठ्या गटापेक्षा वर. आणि हेच लोक गणपतीत फूड स्टॅम्पवाल्यांना नावं ठेवतात. हिशेबनीस, याचा हिशेब मांडा की.

एडिसनवाली

काका, पाच बेडरूम मोजायला आत कधी आला होतात?

पर्याय सांगा मग. पासष्टीचे आईवडील ग्रीन कार्डावर आले की पहिली पाच वर्षं मेडिकेअर, म्हणजे पासष्टीपुढचा सरकारी आरोग्यविमा, विकतही मिळत नाही. नंतर मिळतं, पण कामाचे क्वार्टर (पगारातून कर भरलेल्या तिमाह्या) नसतील तर २०२५ च्या दराने पार्ट ए ५१८ आणि पार्ट बी १८५, माणशी महिना ७०३. दोघांचे १,४०६, वर्षाचे १६,८७२. औषधांचा पार्ट डी वेगळा, दात-डोळे-कानयंत्र वेगळं. वीस-वीस वर्षं मेडिकेअरचा कर भरणारा मुलगा स्वतःच्या आईसाठी एक क्वार्टर वापरू शकत नाही. अशा वेळी कायद्याने जे मिळतं ते घेतलं तर ते फुकटे?

खडूस_काका

कायद्याने मिळतं ते घ्या की. पुण्यातली एफडी लपवून मिळतं ते कायद्याने मिळत नाही. आणि तुमचा मुलगा कर भरतो तसा विचिटाची बाईही भरते. तिने घेतलं की स्टॅम्पवाली, तुम्ही घेतलं की हक्क.

एडिसनवाली

‘तुम्ही’ कोण? सासूबाईंचा प्रीमियम आम्ही भरतो. सरसकट चिखल उडवायचा आणि वर नाव खडूस ठेवायचं, म्हणजे सगळं माफ.

फॉर्मवाली

थांबा. मेडिकेड, मेडिकेअर, एसएसआय आणि ओबामाकेअरच्या बाजारपेठेतला अनुदानित विमा या चार गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या आहेत. हे अर्ज रोजचे असल्यामुळे सुटं करून सांगते.

आईवडिलांना बोलावताना मुलगा आय-८६४ वर सही करतो. मी यांना रेषेच्या १२५ टक्क्यांवर ठेवीन, असा तो करार आहे. ते नागरिक होईपर्यंत किंवा ४० क्वार्टर भरेपर्यंत तो सुटत नाही. घटस्फोट, भांडण, वेगळं बिऱ्हाड, कशानेही नाही. मधल्या काळात त्यांनी उत्पन्नावर आधारलेली मदत घेतली तर ती देणारं खातं मुलाकडे वसुली मागू शकतं. प्रत्यक्षात फार कमी मागतात, म्हणून लोक विसरतात.

मेडिकेडला पाच वर्षांची अट केंद्राची आहे. न्यूयॉर्क स्वतःच्या पैशातून त्याआधीही देतं. पासष्टीच्या पुढे उत्पन्नासोबत मालमत्ताही बघतात, आणि बऱ्याच राज्यांत एकट्याला मर्यादा २,००० डॉलर. राहतं घर धरत नाहीत. कोथरूडचा फ्लॅट राहतं घर नाही, तो धरतात. एफडी, पीपीएफ, मुलाबरोबरचं जोडखातं, सगळं धरतात. कॅलिफोर्नियाने ही अट जानेवारी २०२४ ला काढली होती, २०२६ पासून १,३०,००० वर पुन्हा आणली. त्या मधल्या काळात तिथे फ्लॅट असूनही मेडिकेड मिळालं असेल तर ते पूर्ण कायदेशीर आहे, काका.

फसतात ते उत्पन्नात. भारतात करमुक्त असलेलं पीपीएफचं आणि एनआरई खात्याचं व्याज अमेरिकेत उत्पन्नच आहे. पेन्शन, भाडंही. भारतातल्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. विमा घेताना अर्जात ‘शून्य’ लिहिलं आणि कर विवरणात व्याज दाखवलं, किंवा उलट, तर दोन कागद एकमेकांशी भांडतात. तिथून चौकशी सुरू होते.

एसएसआय ग्रीन कार्डावर जवळपास मिळतच नाही. १९९६ च्या कायद्यानंतर ४० क्वार्टर तरी हवेत किंवा नागरिकत्व. नवरा-बायकोचे क्वार्टर एकमेकांना चालतात, मुलाचे आईबापांना नाहीत. नागरिकत्वाला इंग्रजीची परीक्षा. वय ५५ आणि ग्रीन कार्ड १५ वर्षांचं, किंवा वय ५० आणि ग्रीन कार्ड २० वर्षांचं असेल तर ती माफ, मग नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीत देता येतात. आणि एसएसआय मिळू लागल्यावर सलग ३० दिवस देशाबाहेर राहिलं की पैसे बंद. परत आल्यावर सलग ३० दिवस काढले की पुन्हा चालू. मुलाच्या घरी फुकट राहत असतील तर एक तृतीयांशापर्यंत कापतात. पाच महिने पुण्यात राहून न कळवता घेतलेले पैसे ‘जादा रक्कम’ म्हणून परत मागतात, आणि पुढच्या हप्त्यांतून कापत राहतात.

खडूस_काका

म्हणजे मी म्हणालो तेच, फक्त कलमांसकट.

फॉर्मवाली

नाही. तुम्ही म्हणालात सगळे लबाड. मी म्हणाले नियम कुठे आणि कसा मोडला जातो. ज्यांना लबाडी करायची नाही तेही याच जागी अडकतात, कारण पीपीएफ लिहायचं असतं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

एडिसनवाली

आणि बाजारपेठेतला विमा? पाच वर्षांच्या आतल्या आईवडिलांना तोच एक रस्ता होता, तोही बंद झाला म्हणतात.

फॉर्मवाली

निम्मा बंद झाला. पाच वर्षांच्या अटीमुळे मेडिकेड नाकारलेल्यांना, उत्पन्न रेषेच्या खाली असलं तरी, प्रीमियमवर अनुदान मिळत होतं. जुलै २०२५ च्या कायद्याने ते २०२६ पासून काढलं. उत्पन्न रेषेच्या १०० टक्क्यांवर असेल तर रस्ता अजून आहे. पण मुलाने आईवडिलांना स्वतःच्या विवरणात अवलंबित दाखवलं असेल तर हिशेब मुलाच्या घरच्या उत्पन्नावर होतो आणि अनुदान जवळजवळ संपतं. त्यांनी स्वतःचं विवरण स्वतंत्र भरायचं, व्याज आणि पेन्शनसकट. अवलंबिताची ५०० डॉलरची सवलत घ्यायची की अनुदान, हे आधी कागदावर मांडून बघा. लोक पाचशेसाठी हजारो घालवतात.

साताराकर

तुमचं अमेरिका पुराण चालू द्या. गाडीवरून आठवलं. आपल्याकडे लाडक्या बहिणीला महिना १,५००, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि घरात चारचाकी असेल तर बाद. ट्रॅक्टर चालतो. दिराच्या नावावरची जुनी मारुती, रेशनकार्ड एकत्र, की वहिनी बाद? यावर अर्धा तालुका भांडतोय, आणि पडताळणीला पाठवल्या अंगणवाडी सेविका, ज्यांना गावात रोज तोंड दाखवायचंय. निवडणुकीआधी वाटताना कुणी गाडी बघितली नाही. मुक्तछंद, तुमचा ‘दाराशी गाडी’ हा निकष इकडे राबवून झालाय. गरीब बाजूला निघाले नाहीत, भावकीचे तंटे निघाले.

मुक्तछंद

इथेही तेच. फुकट सुरू केलं की पात्रता शोधणारे कमी आणि पळवाटा शोधणारे जास्त. फॉर्मवालींनी चार परिच्छेद पळवाटांवरच लिहिलेत. मदत जितकी जास्त तितके नियम जास्त, तितके दलाल जास्त. बंद करा, एकरकमी द्या, मोकळे व्हा.

हिशेबनीस

राज्यांना एकरकमी देऊन बघितलंय. १९९६ ला रोख मदतीची जुनी योजना मोडून राज्यांना ठोक रक्कम सुरू केली, देशभर मिळून वर्षाला १६.५ अब्ज डॉलर. आजही तितकीच, महागाईसाठी सेंटसुद्धा वाढवलेला नाही. खर्च कशावर करायचा ते राज्य ठरवतं. मिसिसिपीत त्यातले पन्नास लाख डॉलर विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल स्टेडियमला गेले. तुमचे दलाल गरिबाच्या रांगेत उभे नव्हते, सरकारी बैठकीत होते.

आणि फुकट मिळणाऱ्यांची यादी करायची तर पूर्ण करू. साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या गृहकर्जाचं व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करता येतं. विवरणात ज्यांच्या सुट्या वजावटी सरसकट वजावटीपेक्षा जास्त भरतात त्यांनाच त्याचा उपयोग. भाडेकरूला शून्य. भाड्याचं व्हाउचर मिळायला पात्र असलेल्या चार घरांपैकी साधारण एकालाच मदत मिळते, बाकीचे प्रतीक्षायादीत, आणि कित्येक शहरांत यादीच बंद. व्याजाची वजावट मागायला रांग नाही. शेअर वाढले तर विकेपर्यंत कर नाही. विकलेच नाहीत आणि मालक वारला, तर वारसासाठी खरेदी किंमत मृत्यूच्या दिवसाची धरतात. दहा लाखांचे शेअर एक कोटीचे झाले असतील तर मधल्या नव्वद लाखांवरचा आयकर कायमचा पुसला जातो. त्यावर मृत्युकराची सूट २०२५ ला माणशी १,३९,९०,०००. विचिटाच्या बाईला मात्र दर सहा-बारा महिन्यांनी ३० दिवसांच्या पगारपावत्या.

मुक्तछंद

वरचे एक टक्का लोक केंद्राच्या आयकराचा ४० टक्क्यांच्या आसपास भार उचलतात. हे सांगायचं राहिलं वाटतं.

हिशेबनीस

आयकराचा. पगारावरच्या सोशल सिक्युरिटी कराचा नाही. तो ६.२ टक्के पहिल्या डॉलरपासून लागतो आणि २०२५ ला १,७६,१०० वर थांबतो. बाई वर्षभर भरते, दहा लाख पगारवाला मार्चच्या सुरुवातीला मोकळा. आणि आपण संपत्तीबद्दल बोलत असू तर वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या घरगुती संपत्तीतला तीस टक्क्यांच्या आसपास वाटा आहे, खालच्या निम्म्या देशाकडे अडीच. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत कुटुंबाची सरासरी निव्वळ मालमत्ता १० लाख ६० हजार, आणि मध्यावरच्या कुटुंबाची १,९२,९००. गोऱ्या कुटुंबाची मध्यक २,८५,०००, काळ्या कुटुंबाची ४४,९००. आळस असा रंग बघून वाटला जातो का?

खडूस_काका

यात मध्यक भारतीय कुटुंब कुठे आहे तेही सांगा. नको? राहू दे. एडिसनवाली रागावतील.

एडिसनवाली

सांगा की. उत्पन्नात सगळ्यात वर आहेत, कारण आले तेच डिग्री आणि व्हिसाच्या चाळणीतून. न्यू जर्सीत आमच्या एडिसनच्याच हॉटेलांत मागच्या दाराने कांदे चिरणारे आणि रात्री पंपावर बसणारे या मध्यकात दिसत नाहीत. त्यांना कागदच नाहीत, तर स्नॅप कुठलं? तुमच्या पार्किंगमधून ते दिसणार नाहीत, ते चालत येतात.

खडूस_काका

हे मात्र बरोबर बोललात. एकदाच.

मुक्तछंद

ठीक. मग मदत चालू ठेवा, पण काम करण्याची अट घाला. धडधाकट माणसाने महिन्याला ८० तास काम दाखवावं, यात अन्याय काय? नवीन कायद्यात तेच आहे.

फॉर्मवाली

काम करणं आणि काम ‘दाखवणं’ यात पोर्टल असतं. आर्कान्सॉने २०१८ ला मेडिकेडला हीच ८० तासांची अट लावली. तास नोंदवायचे ते सुरुवातीला फक्त ऑनलाइन, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत. आणि ते संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद. दुकान बंद करून रात्री घरी येणाऱ्याने तास भरायचे कधी? तीन महिने चुकले की वर्ष संपेपर्यंत विमा बंद. काही महिन्यांत १८,००० हून जास्त लोक बाहेर पडले, मार्च २०१९ ला न्यायालयाने थांबवलं. बाहेर पडलेल्यांत मोठा भाग काम करणारा किंवा सूट मिळण्यास पात्र होता. तीच अट १ जानेवारी २०२७ पर्यंत विस्तारित (ओबामाकेअरने वाढवलेल्या) मेडिकेडला देशभर येते आहे. स्नॅपची कामाची अट तर ५४ वरून ६४ वयापर्यंत नेली आहे. दोन्हींना ८० तास, पण पुरावा दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या मुदतींत.

दाखवण्याबद्दल अजून एक. एसएसआयवरच्या अपंग माणसाच्या साध्या खात्यात महिनाअखेरीला २,००० डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही. ही मर्यादा १९८९ ची आहे. अंत्यविधीसाठी १,५०० वेगळे ठेवायची मुभा आहे, जिवंतपणी गाडी दुरुस्त करायला साठवण्याची नाही.

मुक्तछंद

१९८९ चे दोन हजार अजून तेच असतील तर तो शुद्ध गाढवपणा आहे, मान्य. माणसाने साठवलं म्हणून त्याला शिक्षा करणारा नियम मलाही पटणार नाही. बाकी माझं म्हणणं तिथेच आहे. तुमच्या बाईला पन्नास सेंटची वाढ घेऊ द्या, ती दोन वर्षांत मुकादम होईल.

साताराकर

आणि तोवर सहा हजार कुठून आणायचे? आमच्याकडे सावकार आहे. तिकडे पगारी कर्जवाला आहे ना, ३९१ टक्के.

विदर्भकन्या

वाचनमात्र होते, एक व्यावहारिक प्रश्न. ओळखीतल्या एका बाईंची अशीच वाढ झाली आहे, राज्य कॅन्ससच. कळवायचं कधी आणि नाही कळवलं तर? शिवाय या महिन्यात त्यांच्या कार्डावरचे पैसे एका रात्रीत गायब झाले.

फॉर्मवाली

ढोबळ उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं की पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवायचं. नाही कळवलं तर नंतरच्या तपासणीत पगाराची नोंद जुळवतात आणि जास्त दिलेले परत मागतात. मुद्दाम लपवलं असं ठरलं तर पहिल्या वेळी वर्षभर अपात्र. कळवण्याआधी एक करा. वाढ झाली त्या महिन्यातले तास खरंच ४० होते का, बघा. गोदामात मंदीत ३५ वर आणतात, आणि ३५ ला १६.५० धरलं तर त्या मर्यादेतच राहतात. हंगामात दोन आठवडे ओव्हरटाइम झाला असेल आणि तो पुढे चालणार नसेल, तर तसं मालकाकडून लिहून घ्या. तो कागद नसेल तर त्या पावत्यांचीच सरासरी पुढच्या सगळ्या महिन्यांना लावतात.

स्नॅपच्या मुलाखतीचा फोन येतो तो अनोळखी नंबरवरून, कामाच्या वेळात. चुकला आणि पुन्हा वेळ मागून घेतली नाही तर अर्ज नामंजूर. गोदामात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागत असेल तर आधीच कार्यालयाला फोन करून जेवणाच्या सुट्टीची वेळ मागा.

पैसे गेले ते बहुधा स्किमिंग. बहुतेक राज्यांच्या ईबीटी कार्डांवर, म्हणजे ज्यांवर स्नॅपचे पैसे जमा होतात त्यांवर, अजून चिप नाही, फक्त चुंबकीय पट्टी. दुकानातल्या यंत्रावर पातळ खोटं आवरण चढवून पट्टी आणि पिन दोन्ही उचलतात, आणि पैसे जमा होतात त्या रात्रीच दुसऱ्या राज्यात खरेदी होते. चोरीला गेलेल्या रकमेची केंद्राकडून भरपाई २० डिसेंबर २०२४ नंतर बंद आहे, तेव्हा गेले ते गेले. पुढच्या जमा तारखेच्या आदल्या दिवशी पिन बदला. राज्याच्या अ‍ॅपमध्ये कार्ड गोठवायची सोय असेल तर रांगेत उभं राहिल्यावरच उघडा. यंत्राची कड बोटाने हलवून बघा, हलली तर त्या काउंटरवर कार्ड घालू नका.

विदर्भकन्या

धन्यवाद. पस्तीस तासच होते, पावत्या बघितल्या.

मुक्तछंद

३५ × १६.५०, आठवड्याला ५७७.५०, महिन्याला २,५०२. बसतात. मीही गुणाकार करतो अधूनमधून.